तंबूच्या मागचं अंगण

त्या अभ्यासकक्षात पेन न्यायला बंदी होती. पिशवी, कोट, पाण्याची बाटली सगळं बाहेरच्या कपाटात ठेवायचं आणि वही-पेन्सिल तेवढी घेऊन आत जायचं. मुलीकडे अमेरिकेला गेले की असा एक दिवस मी तिच्याकडून मागून घेते. तिथल्या मोठ्या संग्रहालयांत मुद्राचित्रांचा वेगळा विभाग असतो. आधी कळवून वेळ ठरवली, तर हवं ते चित्र पेटीतून काढून आपल्यासमोर टेबलावर ठेवतात. मध्ये काचही नसते. त्या दिवशी मी मागितलं होतं पिकासोचं 1905 सालचं ‘ले साल्तिम्बांक’.

तिथल्या बाईंनी पेटीचं झाकण उघडलं, वरचा पातळ कागद अलगद उचलला आणि त्या बाजूला जाऊन बसल्या. मी किती तरी वेळ चष्माच पुसत राहिले. पुस्तकांत हे चित्र मी पंचवीस-तीस वर्षं पाहत आले होते, पण ती छापील आठवण कागदाच्या पोताशी जुळेना. खरं चित्र केवढंसं, दीड वीत रुंद. उंची त्याहून थोडी कमी. चारी बाजूंनी छपाईच्या पत्र्याच्या कडेची खूण कागदात खोल रुतलेली. खाली सही नाही.

सर्कस म्हटल्यावर डोळ्यांपुढे जे उभं राहतं, त्यातलं इथे काहीच दिसत नाही. रिंगण, झगमगते दिवे, टाळ्या पिटणारे लोक यांचा पत्ता नाही. कसरतवाल्यांच्या फडाचा मुक्काम पडला आहे आणि दिवसाची कामं सुरू आहेत. बायका घरकामात गुंतल्या आहेत, आजूबाजूला मुलं आहेत. या सगळ्या गडबडीत एक पोर मोठ्या चेंडूवर उभी राहून तोल साधते आहे आणि एक पुरुष तिच्याकडे बघतो आहे. तिच्यासाठी कुणी हातातलं काम टाकून उभं राहिलेलं नाही. भांडी घासणं, पोरं सांभाळणं, तसंच चेंडूवर उभं राहणं. त्या घरातलं ते आणखी एक काम.

गर्दी एवढी, पण चित्र भरगच्च वाटत नाही. पिकासोनं छायेचे ठोकळे भरलेच नाहीत. भाताच्या लोंबीवरच्या कुसासारखी बारीक रेष, ती गालावरून खांद्यावर येते, कोपराशी वळते आणि मध्येच सोडून देते. उरलेला हात आपणच पाहून घ्यायचा. मी भिंग मागून घेतलं. पोरीच्या पायापाशी रेष जराशी कापलेली असेल, असं उगीचच वाटत होतं. ती कुठेच कापलेली नव्हती. तोल जाईल की राहील ही धाकधूक पोरीच्या अंगात होती. सुई धरून कोरणाऱ्या हातात तिचा मागमूस नव्हता.

आणि मला मिरज आठवलं.

आम्ही लहान असताना वर्षा-दोन वर्षांनी गावाबाहेरच्या माळावर सर्कस यायची. आजोबा पहाटे फिरायला जात आणि सुट्टी असली की मला बरोबर नेत. सर्कस आली की त्यांची वाट बदलायची. तंबूच्या पुढच्या बाजूला, जिथे रंगीत कमान आणि तिकिटाची खिडकी, तिकडे ते कधी फिरकत नसत. ते मागच्या अंगाला जात. तंबूचे दोर चारी बाजूंनी ताणून खुंट्यांना बांधलेले असत आणि त्या दोरांवर चादरी, परकर आणि टिकल्यांचे चमचमणारे कपडे एकाच रांगेत वाळत घातलेले असत. पत्र्याच्या ट्रंका, स्टोचा आवाज, रॉकेलचा आणि घोड्याच्या लिदीचा वास. एकदा एक बाई पालथ्या बादलीवर बसून एका मुलीच्या वेण्या घालत होती. मुलगी माझ्याच वयाची असेल. फणी अडकली की तिचं तोंड वाकडं व्हायचं. शेजारी एक पोरगा ट्रंकेला पाठ लावून हातांवर उभा होता आणि ती बाई वेणीचा पेड न सोडता त्याला काहीतरी सांगत होती. मला भाषा कळली नाही, पण सूर कळला. आई ज्या सुरात मला ‘पाठ ताठ ठेव’ म्हणायची, तोच.

संध्याकाळी आम्ही तिकीट काढून खेळ पाहिला. वर, दिव्यांच्या झोतात, निळ्या कपड्यातली एक मुलगी झोक्यावरून दुसऱ्या झोक्यावरच्या माणसाकडे झेपावली. मी डोळे मिटून घेतले होते.

“आजोबा, पडली?”

“नाही पडली. बघ की. सकाळी वेण्या घालून घेत होती ना, तीच ही.”

मला ते पटेना. सकाळी फणीनं कळवळणारी मुलगी आणि ही वरची, एकच कशा असतील? पण त्यानंतर मला सर्कशीचा खेळ कधी नुसता खेळ म्हणून बघता आला नाही. प्रत्येक चमकत्या अंगामागे दोरावर वाळणारी चादर दिसत राहिली. पिकासोच्या त्या दीड विती कागदात मला आजोबांची वाट सापडली. तोही मागच्या अंगानं गेला होता.

साल्तिम्बांक हा शब्द मूळचा इटालियन. बाकावर उडी मारणारे, असा त्याचा अर्थ. बाजारात, जत्रेत फळी टाकायची, तिच्यावर चढायचं, कसरत करायची, पैसे गोळा करायचे आणि पुढच्या गावाला निघायचं. सर्कसवाले म्हणून त्यांचं भाषांतर केलं तर ते थोडं चुकतं. आपल्याकडे त्यांचे सख्खे भाऊबंद म्हणजे डोंबारी आणि कोल्हाटी. गल्लीच्या तोंडाशी ढोलकं वाजलं की आम्ही पोरं धावत सुटायचो. बांबूच्या दोन कैच्या उभ्या करून त्यांच्यामध्ये दोर ताणलेला. हातात आडवी काठी घेतलेली पोर त्यावरून चालत यायची आणि नंतर पायाखाली थाळी घेऊन सरकत सरकत परत जायची. खाली तिची आई, कडेवर तान्हं घेऊन, ढोलकं वाजवत असायची. खेळ संपला की तीच थाळी लोकांपुढे फिरायची. 1905 च्या पॅरिसमध्येही यापेक्षा काही वेगळं घडत नव्हतं.

पक्क्या इमारतीतली सर्कसही पिकासोच्या घराजवळच होती. मोंमार्त्रच्या टेकडीवर ‘बातो-लाव्वार’ नावाच्या मोडकळीला आलेल्या लाकडी वाड्यात तो 1904 पासून राहत होता. उतरून खाली आलं की रोशशुआर बुलेवारवर मेद्रानो सर्कस. पूर्वी तिचं नाव फेर्नांदो सर्कस होतं. एकाच गोल छपराखाली किती चित्रकार बसून गेले! दगानं 1879 मध्ये इथेच मिस लालाला पाहिलं आणि दातांत दोर धरून छताकडे ओढली जाणारी ती बाई रंगवली. तुलूझ-लोत्रेकनं 1888 च्या सुमारास इथली घोडेस्वार बाई रंगवली. सरानं 1891 मध्ये काढायला घेतलेलं सर्कशीचं मोठं चित्र त्याच्या मृत्यूनं अपुरंच राहिलं. पुढे मेद्रानो या स्पॅनिश विदूषकाच्या हाती ती सर्कस आली. पिकासो तेव्हा तेवीस-चोवीस वर्षांचा होता, परक्या शहरात, फाटक्या खिशानं राहणारा. त्याची सोबतीण फेर्नांद ऑलिव्हिए हिनं लिहून ठेवलं आहे की ते आठवड्यातून अनेकदा मेद्रानोला जायचे. खेळ झाल्यावर विदूषकांशी गप्पा मारत रेंगाळणं त्याला फार आवडायचं. आपल्या भाषेत बोलणारी माणसं तिथे भेटत, हेही त्यामागे असणार.

आधीच्या थोर चित्रकारांनी जे रंगवलं ते प्रेक्षकाच्या जागेवरून. ती चित्रं मला प्रिय आहेत, दगाचं तर फारच. पण त्यांत आपण खुर्चीवर बसलेले असतो आणि मान वर केलेली असते. पिकासोनं आपल्याला खुर्चीवरून उठवलं आणि अंगणात नेलं. याचं मोल मला सगळ्यांत मोठं वाटतं.

‘ले साल्तिम्बांक’ ज्या चित्रसंचातलं, तो सरसकट एचिंग म्हणून ओळखला जातो, पण त्यातली बरीचशी चित्रं, आणि हेही, ड्रायपॉइंटची आहेत. दोन्हींतला फरक मला बोटांनी ठाऊक आहे. तरुणपणी पुण्यात दोन वर्षं मी संध्याकाळच्या वर्गाला जाऊन हे काम शिकले. एचिंगमध्ये पत्र्यावर मेणासारखा थर देतात, सुईनं तो थर उघडा करायचा आणि पत्रा अ‍ॅसिडमध्ये सोडायचा. रेष खोदण्याचं कष्टाचं काम अ‍ॅसिड करतं. ड्रायपॉइंटला असा मदतनीस नाही. सुई थेट तांब्यावर, जोर मनगटाचा. तांबं विरोध करतं. वळणावर सुई घसरते, सरळ जायचं असेल तिथे अडते. नांगराच्या फाळानं माती दोन्ही अंगांना सरते तसं तांबं सरतं आणि रेषेच्या कडेला बारीक धार उभी राहते. तिला बर म्हणतात. शाई चरात बसते तशी या धारेलाही धरून राहते, आणि म्हणूनच ड्रायपॉइंटची रेष कागदावर मखमलीसारखी उमटते. नुसती काळी दिसत नाही, काळ्याला लव फुटल्यासारखी दिसते.

ती धार बोटाला लागलेली त्या क्षणी कळत नाही. पत्रा कोमट करायचा, शाई चोळून चरांत भरायची, खळ दिलेल्या जाळीच्या कापडानं वरची शाई गोल गोल पुसायची आणि शेवटचा हात तळव्याचा. तळव्यावर काळ्यात लाल दिसलं की समजायचं, बरनं आपलं काम केलं. मग भिजवून टिपलेला कागद पत्र्यावर ठेवायचा, वर जाड फेल्ट, आणि प्रेसचं चाक फिरवायचं. कागदाचं एक टोक धरून तो उचलताना आजही माझा श्वास अडकतो. चित्र उलटं उमटतं. डावीकडचं उजवीकडे. पिकासोनं 1899 मध्ये बार्सेलोनात, रिकार्ड कनाल्स या मित्राच्या मार्गदर्शनाखाली, आपलं पहिलं एचिंग केलं तेव्हा हे त्याच्या ध्यानातच आलं नाही. बैलांच्या झुंजीतल्या त्याच्या स्वाराचा भाला कागदावर डाव्या हातात आला. त्यानं चित्राला नाव दिलं ‘डावखुरा’ आणि तो पुढे गेला. पण ‘ले साल्तिम्बांक’मधली सगळी माणसं त्यानं हे भान ठेवून, आरशात पाहावं तशी, उलटीच कोरलेली असणार. चेंडूवर एका पायाचा भार कुठे पडतो ते पाहायचं आणि सुईनं तो विरुद्ध बाजूला ठेवायचा. तोलाचं काम पोरीला होतं, तसंच त्यालाही.

आता ज्याचं मला वाईट वाटतं ते सांगते. ती धार टिकत नाही. प्रेसच्या रुळाखालून पत्रा गेला की ती थोडी चेपते, पुढच्या खेपेला आणखी थोडी. पहिल्या काही प्रतींतली मखमल पुढच्या प्रतींत राहत नाही. 1905 मध्ये देलात्र या छपाईकारानं या पत्र्यांवरून मोजक्याच प्रती काढल्या, आणि त्यांना गिऱ्हाईक मिळेना. पुढे चित्रांचे व्यापारी आंब्रुआझ व्होलार यांनी पत्रे विकत घेतले. तांबं झिजू नये म्हणून त्यांवर पोलादाचा पातळ थर चढवला आणि 1913 मध्ये लुई फोर या छपाईकाराकडून अडीचशे प्रतींची आवृत्ती काढवून घेतली. जगभरच्या संग्रहालयांत दिसतात त्या बहुतेक याच. माझ्यासमोर टेबलावर होती तीही यांतलीच. रेष स्वच्छ, जरा थंड, चांदीच्या तारेसारखी. मखमल पोलादाच्या थरानं झाकली गेली होती, आणि त्या थरामुळेच हे चित्र दीड विती कागदावर माझ्यासारखीपर्यंत पोचलं होतं. अंगावर कमावलेलं लोकांना दाखवत दाखवत झिजवायचं, ही डोंबाऱ्याची रीत तांब्याच्या पत्र्यालाही लागू पडावी, हे मला फार लागलं. भिंग ठेवून मी काही वेळ खिडकीबाहेर पाहत बसले.

त्याच वर्षी पिकासोनं या लोकांचं प्रचंड मोठं तैलचित्रही केलं. ते आता वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत आहे, उंचीला आणि रुंदीला दोन मीटरहून जास्त. त्यात उजाड माळावर सहा माणसं उभी-बसलेली आहेत आणि कुणी कुणाकडे बघत नाही. कवी रिल्के 1915 मध्ये म्युनिकला त्या चित्राच्या सहवासात काही महिने राहिला आणि त्याच्या पाचव्या विलापिकेत ही माणसं आली. ते चित्र थोरच आहे. मी त्याच्यासमोर उभी राहिले आहे आणि गप्प झाले आहे. पण त्यात त्या माणसांची कामं त्यांच्या हातून काढून घेतलेली आहेत. ती तिथे माणसाच्या एकटेपणासाठी उभी आहेत. छोट्या चित्रात ती कशासाठीही उभी नाहीत, त्यांना वेळच नाही. सर्कशीच्या माणसाला दुःखाचं प्रतीक करणं सोपं असतं. त्याच्या चुलीपाशी बसणं अवघड. दोन्हींतून एक निवड म्हणाल, तर मी तांब्याचा पत्रा निवडीन.

आजोबा मागच्या अंगानं का जायचे, ते मला पुष्कळ उशिरा कळलं. मिरजेपासून कुरुंदवाड जवळ. तिथल्या संस्थानात घोड्यांचे शिक्षक असलेल्या विष्णुपंत छत्र्यांनी मुंबईत चिआरिनी या इटालियन माणसाची सर्कस पाहिली आणि 1880 मध्ये आपली सर्कस उभी केली. भारतीय माणसानं उभारलेली ही पहिली सर्कस. सगळीकडच्या सर्कशीची सुरुवात घोड्यापासूनच झाली. 1768 मध्ये लंडनला ज्यानं हा खेळ मांडला तो फिलिप अ‍ॅस्टली घोडदळातलाच. गोल धावणाऱ्या घोड्याच्या पाठीवर उभं राहिलेला माणूस बाहेरच्या ओढीमुळे घट्ट टिकतो, हे त्याच्या लक्षात आलं आणि रिंगण जन्मलं, जे पुढे बेचाळीस फुटांचं ठरलं. छत्र्यांनाही घोडा अंगाखालचा होता. पण छत्रे नुसते घोडेस्वार नव्हते. ग्वाल्हेरला हद्दू खाँसाहेबांकडे ते गाणं शिकले होते. आणि हद्दू खाँचा मुलगा, रहिमत खाँ, ज्यांना पुढे लोक भूगंधर्व म्हणू लागले, ते विपन्नावस्थेत असताना छत्र्यांनी त्यांना आपल्याकडे आणलं आणि सर्कशीबरोबर गावोगाव नेलं. खाँसाहेबांची अखेरची वर्षं कुरुंदवाडला गेली.

आजोबांनी लहानपणी त्यांचं गाणं ऐकलं होतं. नक्की कोणता राग ते त्यांना सांगता येत नसे. “सर्कशीच्या तंबूमागं असं गाणं व्हायचं बघ,” एवढंच म्हणायचे आणि पुढे काही न बोलता चालत राहायचे. त्यांच्या लेखी तंबूचं मागचं अंगण म्हणजे केवळ चुली आणि वाळत घातलेले कपडे नव्हते. तिथे वाघाच्या पिंजऱ्यापासून हाकेच्या अंतरावर ग्वाल्हेरचा ख्याल नांदला होता. पहाटे त्या वाटेनं जाताना ते कान देऊन चालत असावेत, असं मला आता वाटतं.

ती वाट आता बुजत चालली आहे. जंगली जनावरांचे खेळ बंद झाले, लहान मुलांना कसरतीला लावणं 2011 पासून सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं बंद झालं. दोन्ही गोष्टी योग्यच झाल्या. माझ्या वयाच्या त्या मुलीचं बालपण झोक्यावर जायला नको होतं. पण त्या माणसांचं जगणं त्या खेळांबरोबर पुसलं जावं, असं मात्र मला वाटत नाही. पॅरिसच्या मेद्रानोची इमारत 1970 च्या दशकात पाडली. तिथल्या माणसांच्या सकाळी मात्र तांब्यावर राहिल्या, कारण एका तरुण पोरानं त्या कोरण्याजोग्या मानल्या.

पाच वाजता त्या बाई आल्या, पातळ कागद पुन्हा चित्रावर टाकला. चेंडूवरची पोर झाकली जाईपर्यंत मी पाहत राहिले.

सांगली, मिरज, कुरुंदवाड, कोल्हापूर या भागात आजही अशी घरं आहेत, जिथले आजोबा, पणजोबा, एखादी आत्या सर्कशीबरोबर देशोदेशी फिरून आले. तुमचं घर त्यांतलं असेल, तर माळ्यावरची ट्रंक रद्दीत घालू नका. आणि घरातलं ते म्हातारं माणूस अजून हयात असेल, तर त्याला पिंजऱ्याच्या आणि झोक्याच्या गोष्टी नंतर विचारा. आधी विचारा, खेळ नसेल तेव्हा सकाळी तुम्ही काय करत होता.